शिकार नाही, पहारा नाही, मग रायफल कशाला?

शिकारीला मी जात नाही. घराच्या रक्षणासाठी म्हणाल, तर रायफल एका तिजोरीत, तिचा बोल्ट (काडतूस आत बसवून बंद करणारा सुटा भाग) दुसरीकडे आणि काडतुसं तिसऱ्याच कुलपात. चोर आलाच तर त्याला जरा थांबा, किल्ल्या शोधते, असं सांगावं लागेल. मग बंदूक घेतलीच कशाला, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. काही कुतूहलाने विचारतात, काही खुर्ची किंचित मागे सरकवून.

त्याआधी पुष्कळदा ‘नवऱ्याची का?’ हेही येऊन जातं. नाही, माझीच. आणि नेमबाजीच्या खेळात ते फारसं नवलाचं नाही. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरले होते. रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात, म्हणजे झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून मारायच्या स्पर्धेत, अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकचे गुण तिच्याच संघातल्या सुवर्णविजेत्या लॅनी बॅशमइतकेच झाले, नियमांनी तिच्या वाट्याला रौप्य आलं आणि राष्ट्रगीताच्या वेळी बॅशमने तिला स्वतःच्या पायरीवर ओढून घेतलं. असो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मजा येते म्हणून घेतली. पण बंदूक आणि मजा हे शब्द एका वाक्यात आले की लोकांना धडाधड उडणाऱ्या गोळ्या आणि फुटणाऱ्या बाटल्याच दिसतात. माझी मजा बघायला आलात तर दहा मिनिटांत जांभया द्याल.

मी रमते ती पॉइंट टू टूच्या, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलवर, ५० मीटरवर, प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून. समोरचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तेवढ्या अंतरावरून दहाचं वर्तुळ दिसतच नाही, दिसतो तो फक्त काळा ठिपका. डावा दंड स्लिंगमध्ये, म्हणजे रायफलला जोडलेल्या पट्ट्यात आवळलेला, उजवा गाल चीकपीसवर, म्हणजे गालासाठीच्या टेकूवर टेकलेला. नेम धरायला नळीवर दोन साइट असतात; मागच्या साइटच्या बारीक भोकातून पुढच्या साइटची कडी दिसते आणि कडीच्या आत तो ठिपका. दोन्ही एकदम स्वच्छ दिसणं डोळ्याला जमत नाही. स्वच्छ ठेवायची ती कडी. ज्याच्यावर नेम धरलाय तेच धूसर ठेवायचं, हे नवख्याला काही केल्या पटत नाही.

आता डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. ठिपका कडीच्या मधोमध नसेल तर रायफल हाताने ढकलून जागेवर आणायची नाही. ढकलली की स्नायू ताणलेले राहतात, आणि चाप दाबताना ताण जरा सैल झाला की रायफल आपल्या मूळ जागी परत जाते. म्हणून डावं कोपर रोवलेलंच ठेवून कमरेपासून सगळं अंग केसभर सरकवायचं. पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. कधी कधी निम्मा वेळ यातच जातो. स्लिंग दंडावर चुकीच्या जागी बसली असेल तर नाडीचा ठोका थेट साइटमध्ये येतो, कडी टक टक हलताना दिसते. हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंदी असलेल्यांच्या यादीत आहेत, ती उगीच नाहीत.

शिवाय वारा. गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आत ठेवलेली असतात, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास, कारण त्याहून वेगवान गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डगमगते. इतकी हलकी आणि त्या मानाने सावकाश जाणारी वस्तू वारा ढकलणारच. रेंजवर लावलेल्या झेंड्यांकडे एक डोळा ठेवायचा, ते पडले की मारायचं की फडफडताना सवय झालेल्या वाऱ्यातच मारायचं, हे आधी ठरवून ठेवायचं. मग श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि चापावर दाब वाढवत न्यायचा. गोळी सुटल्यावरही गाल उचलायचा नाही. ती नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्यात मान हलली तर तीही टार्गेटवर उमटते.

यानंतर येतो तो क्षण, ज्याच्यासाठी मी हे सगळं करते. चाप सुटला तेव्हा कडी नेमकी कुठे होती, ते डोळ्यात राहिलेलं असतं. गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या स्क्रीनकडे बघण्याआधी स्वतःशी बोलायचं: नऊ, तीन वाजता. म्हणजे घड्याळात तीन असतो त्या बाजूला. याला शॉट कॉल करणं म्हणतात. मग बघायचं. नऊ, तीन वाजता! अशा नऊचा आनंद मला न कळता लागलेल्या दहापेक्षा जास्त होतो. आपल्या हातून काय झालं हे आपल्याला नेमकं कळलं होतं, आणि ५० मीटरवरच्या टार्गेटने त्याला दुजोरा दिला. दिवसभरात इतर किती गोष्टींबद्दल हे म्हणता येतं? मला तरी फारशा सुचत नाहीत.

इथेच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो. मजाच हवी तर क्लबची रायफल वापरावी, स्वतःची कशाला? कारण कॉल जुळला नाही तर बिघडलं कुठे, हे कळायला हवं. क्लबच्या रायफलचं चीकपीस आधीच्याच्या गालाला बेतलेलं, बटप्लेट (खांद्याला टेकणारं टोक) त्याच्या खांद्याला, साइट सरकवायचे क्लिक त्याच्या डोळ्याला. दुसऱ्याचा चष्मा लावून वाचायला बसलं की अक्षरं पुसट आहेत की आपले डोळे, ते सांगता येत नाही, तसं होतं. स्वतःच्या रायफलवर मी दस्त्याची लांबी बदलली, बटप्लेट खाली घेतली, चीकपीस एवढं चढवलं की मान सैल सोडून गाल ठेवला की डोळा आपोआप भोकामागे येतो. चापाला किती दाब लागतो ते माझ्या बोटाला ठाऊक आहे. काडतुसांचंही तेच. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या खेपा, एकाच नळीतून वेगवेगळे ग्रुप देतात, म्हणजे गोळ्या कमी-जास्त विखुरतात. म्हणून मुरलेले नेमबाज नळी शिकंज्यात पकडून लॉट तपासतात आणि जो जुळेल त्याचे खोके उचलतात. हे सगळं करून झालं की सबबी संपतात. उरते ती मी.

माझ्या या म्हणण्याला सुरुंग लावणारी एक गोष्ट आहे, तीही सांगते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सच्या रायफलची कोणीतरी नासधूस केली. त्याने दुसऱ्या एका नेमबाज स्त्रीची रायफल मागून घेतली आणि तिच्यावर ५० मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकलं. म्हणजे मी वर लिहिलेलं सगळं त्या दर्जाच्या माणसाला लागू नाही. पण त्याच ऑलिंपिकमध्ये पुढचंही घडलं. थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता, शेवटची एक गोळी उरली होती. ती त्याने शांतपणे, उत्तम मारली, पण शेजाऱ्याच्या टार्गेटवर. शून्य गुण, आणि पहिल्यावरून थेट आठवा. रायफलला, काडतुसाला, वाऱ्याला, कशालाच दोष देण्याची सोय नाही. हे आठवलं की मला त्याची कणव येते आणि थोडा हेवाही वाटतो, कारण एवढ्या निखळ चुकीपर्यंत पोचायलाही आधी बाकी सगळं निर्दोष असावं लागतं.

‘पण शेवटी ते हत्यारच ना?’ हो. खेळाचं साहित्य आहे, असली पळवाट मी काढत नाही. माझी ती इवलीशी गोळी अडवली नाही तर किलोमीटरभराच्याही पुढे जाते. म्हणून रायफल भरलेलीच आहे असं धरूनच ती हातात घ्यायची, मग ती स्वतः रिकामी केलेली का असेना. नळी कायम सुरक्षित दिशेला, साइट जुळेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत नसेल तर मारायचंच नाही. रेंजवर ‘स्टॉप’ ऐकू आलं की चापावर कितीही दाब आलेला असो, बोट बाहेर. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, ती रिकामी असल्याची खूण म्हणून रंगीत फ्लॅग घातल्याशिवाय कोणी गोळ्या मारायच्या रेषेपुढे जात नाही. यात कोणी हुशारी दाखवली तर मी सामान आवरून निघते. आणि ज्या घरात एखादं माणूस मनाने खचलेलं आहे, त्या घरात रायफल नको. कुलूप कितीही भक्कम असलं तरी नको, ती कायद्याने चालेल अशा दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवावी. यावर मी वाद घालत नाही.

एअर रायफलने भागलं नसतं का? पुष्कळांचं भागतं. त्यात दहाचं चिन्ह अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतं, त्यामुळे तिला पोरखेळ समजणाऱ्यांनी एकदा करून बघावं. मला वारा आणि ते प्रोनमधलं पडून राहणं हवं होतं, एवढाच फरक. कपाटभर बंदुका जमवण्यातली मजा मात्र मला कळत नाही. एका रायफलशी नीट ओळख व्हायलाच आयुष्य कमी पडतं.

बोलणं इथवर आलं की खुर्ची मागे सरकवलेली माणसंसुद्धा विचारतात, एकदा घेऊन जाल का? जरूर. आधी तुमच्या गावचे नियम पाहुण्याला परवानगी देतात का, ते क्लबला विचारू. लांब बाह्यांचा जाड शर्ट घाला, कोपरं सोलवटतात. कानांवर मफ्स चढवायचे, पॉइंट टू टूचा आवाज लहान वाटला तरी कानाला तो लहान नसतो. काडतुसांत शिसं असतं, म्हणून रेंजवर काही खायचं नाही आणि निघताना हात गार पाण्याने स्वच्छ धुवायचे. पहिला तासभर काडतुसं मागू नका. रिकाम्या रायफलवर चाप दाबायचा आणि त्या क्षणी कडी कुठे होती ते मला सांगायचं. ‘मधोमध’ असंच प्रत्येक वेळी सांगितलंत, तर आणखी तासभर थांबावं लागेल.