ऑनलाइन तासाचा रकाना: मिश्र अध्यापनाचा माझा अनुभव

आमच्या हजेरीपत्रकात ‘ऑनलाइन तास’ असा एक रकाना आहे. त्या रकान्यापायी माझं मिश्र अध्यापन सत्राचा बराचसा काळ कागदावर लटकून राहिलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. गोव्यातले जे सहकारी यंदा ऑनलाइन आणि वर्ग यांची सांगड घालायला निघाले आहेत, त्यांना हे आधीच कळलेलं बरं.

मी उत्तर गोव्यात पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. 2020 मध्ये सगळे तास गूगल मीटवर गेले तेव्हा सत्तरी तालुक्यातली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, तो काळ कुणी विसरलेलं नाही. पुढे वर्ग उघडले आणि बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा खडू हातात घेतला. मला मात्र त्या काळातलं एक सोडवेना: घरी थांबवून थांबवून, दोनदा तीनदा व्हिडिओ बघता आला की मागे बसणारी मुलंसुद्धा तयारीनं येतात. मे 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा मिश्र अध्यापनाबद्दलचा मसुदा आला. कुठल्याही विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवायची मुभा असावी, उरलेला वर्गात, असं त्यात आहे. 2023-24 पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा एक पेपर तसा शिकवायचं ठरवलं.

आखणीला वेळ लागला, पण अडलं काही नाही. व्याख्या, आलेख कसा वाचायचा, सूत्र कुठून येतं, हे दहा मिनिटांच्या व्हिडिओत घरी. गणितं, वाद, शंका वर्गात. सगळेच व्हिडिओ स्वतः करायचीही गरज नसते. उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिश्टावो’ उपक्रमात गोव्यातल्याच प्राध्यापकांनी केलेले व्हिडिओ आहेत, त्यातले जुळतील ते मी घेतले.

मग ऑनलाइन तासांच्या नोंदीचा कार्यालयाचा नमुना समोर आला. प्रत्येक ऑनलाइन तासाची तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, मीटची लिंक आणि मुलांचे चेहरे दिसतील असा स्क्रीनशॉट. माझ्या आखणीत यातलं काहीच नव्हतं. कुणी व्हिडिओ रात्री बघतं, कुणी सकाळी कदंबाच्या बसमध्ये बसून. प्रस्ताव परत आला, वर शेरा: ‘वेळ नमूद नाही.’ मी कार्यालयात जाऊन समजावलं. समोरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, ज्याला वेळ नाही तो तास कसा धरायचा?” प्रश्न नियमातून आला होता, त्याचा दोष नाही. पण समितीकडे जा म्हटल्यावर समिती म्हणते कार्यालयाकडे जा, आणि कार्यालय म्हणतं वरून पत्र आणा. पत्र कुणी द्यायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

दरम्यान नुकसान मुलांचं होत होतं. साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवावं लागतं, त्यातले माझे काही तास कागदावर शून्य धरले गेले. ते मी सोसलं असतं. पण त्याच शून्यामुळे मुलांची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली घसरू लागली.

वाळपईच्या पलीकडून येणाऱ्या एका मुलीचं उदाहरण देतो. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते, हा धडा. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, बांगड्याचे भाव चढतात. मी मुलांना घरचा हिशेब ठेवायला सांगितला होता: बंदीत बांगड्याचा भाव काय, घरात किती आणला, बंदी उठल्यावर काय. या मुलीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. जुलैत बांगडे कमी, त्या ऐवजी सुकी मासळी आणि अंडी, सगळं तारखेवार. शेवटच्या ओळीपुढे तिने लिहिलं होतं: ‘श्रावण लागला, मासे बंद. भाव उतरला तरी मागणी नाही. हे गणितात घेऊ नये.’ भाव बदलल्याने मागणी हलणं वेगळं आणि अख्खा मागणीवक्रच सरकणं वेगळं, हे तिला घरच्या वहीत सापडलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गाचा पूर्ण तास त्या एका ओळीवर गेला, आणि इतका चांगला तास मी क्वचित घेतला असेन. हजेरीपत्रकात मात्र त्या घरच्या कामापुढे तिची गैरहजेरी होती. हे मी कसं सहन करायचं?

सुटका मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीतून झाली. मूडलमध्ये कुणी कुठला घटक पूर्ण केला याचा अहवाल निघतो. व्हिडिओ पाहून प्रश्नावली सोडवली आणि काम जमा केलं, की एक तास पूर्ण, असं समीकरण मी मांडलं. आयोगाच्या मसुद्याची संबंधित पानं जोडली, आणि प्राचार्यांना विनंती करून हा विषय महाविद्यालयाच्या बैठकीत ठेवला. ठराव झाला, इतिवृत्तात आला. त्याची प्रत जोडल्यावर तोच नमुना, तेच कार्यालय, आणि काम झालं. वेळेच्या रकान्यात आता ‘अहवालानुसार’ असं लिहितात. मुलांची हजेरीही मागच्या तारखेपासून धरली गेली, त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं. म्हणून सांगतो, ठराव सत्र सुरू व्हायच्या आधी करून घ्या. तोंडी ‘चालेल’वर विसंबू नका.

रेंजचं राहिलंच. मूडलच्या मोबाइल ॲपवर मजकूर उतरवून ठेवता येतो. मुलं महाविद्यालयाच्या वायफायवर तो उतरवून घेतात आणि घरी नेटशिवाय बघतात. व्हिडिओ कमी रिझोल्यूशनचे ठेवा, आलेखातली अक्षरं मोठी काढा, कारण बहुतेक जण फोनवरच बघतात. पावसात वीज जाते तेव्हा रात्री बाराची मुदत म्हणजे अन्याय, आठवडाभराची द्या.

आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात काहीही जमा करायला सांगू नका. मुलं गावी घरच्या कामात असतात, एकही काम येत नाही, आणि अहवालातल्या त्या रिकाम्या ओळी दाखवून कुणीतरी पुन्हा रकान्याचा प्रश्न काढतं.