बाटलीभर तेल

जुलैत बेळगावात एक सण असतो, तो कालनिर्णयात सापडत नाही: डीसींची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी पावसापायी शाळांना दिलेली सुट्टी. आदल्या रात्रीपासून फोनाफोनी. खानापूरला दिली म्हणे, आपल्याला कधी देणार? एकदाची जाहीर होते, पोरं नाचतात, आणि दुपारी दोनच्या सुमारास मोठ्या माणसांना शाळेची तीव्र आठवण व्हायला लागते.

अशाच एका दुपारी पुतण्या आणि वरच्या मजल्यावरची त्याची मैत्रीण स्वयंपाकघरात घुसली. तिच्या घरी कन्नड, आमच्याकडे मराठी, दोघांचं भांडण मात्र इंग्रजीत. कुणीतरी वर्गात सांगितलं होतं की लाव्हा लॅम्प, म्हणजे रंगीत थेंब वर-खाली फिरणारा शोभेचा दिवा, घरी करता येतो. उंच बाटली, पाणी, रंग, ईनो आणि तेल.

"तेल किती?" मी विचारलं.

"पाऊण बाटली, काका. दे की!"

नळाला तेल येत असल्यासारखा म्हणाला.

तेलाच्या बाबतीत मी चिक्कू आहे. इतर खर्चांचं मला काही वाटत नाही, पण तेलाचं पाकीट रिकामं झालं की ते कात्रीने उभं फाडायचं, डब्यावर उलटं टांगायचं आणि शेवटी आतून कणकेचा गोळा फिरवून घ्यायचा. हे जिथे होत नाही त्या घरी मी पोटभर जेवतो, पण जीव लागत नाही. हे आलं कुठून ते मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी शहापुरातल्या दुकानातून शेंगतेल आणायला मला पाठवत. काचेची बाटली, तिच्या गळ्याला सुतळीचा फास, तो बोटात अडकवून हेलकावे न देता चालायचं. दुकानदार नरसाळं लावून मापाने ओतायचा, मग ते माप नरसाळ्यावर पालथं धरून ठेवायचा आणि आमच्याकडे बघत राहायचा. शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघांनीही हलायचं नाही, असा अलिखित करार होता. काठावर ओघळलेलं तेल बोटाने निपटून केसांना. घरी आल्यावर आज्जी बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघायची. काय बघायची कोण जाणे, पण माझ्या पोटात गोळा यायचा.

हीच आज्जी दिवाळीत काचेच्या पेल्यात पाऊण भाग पाणी घालायची, वर तेलाचा बोटभर थर, आणि बुचाच्या चकतीत ओवलेली वात त्यावर तरंगत सोडायची. पाण्यात चिमूटभर कुंकू. दुरून बघणाऱ्याला पेला तेलाने काठोकाठ भरलेला दिसावा! तेल संपलं की वात पाण्याला टेकायची, चर्र करायची आणि आपोआप विझायची. राखण करत बसायला नको. पाणी पाऊण आणि तेल बोटभर, हा आमच्या घराचा हिशेब. आता नातवाचा मुलगा बरोबर उलटं प्रमाण घेऊन ओट्यापाशी उभा.

तेवढ्यात आई आली. "काय करूलालाय रे?" म्हणाली, ऐकून घेतलं, आणि कपाटाच्या तळातून सनफ्लॉवरचं एक पाकीट काढून दिलं. मला लहानपणी तिने पळीभर तेल जास्त वाढलेलं आठवत नाही. नातवंडांसाठी वेगळी राज्यघटना असते.

रंगासाठी पोरांनी हळद आणली. हळद पाण्याला फारशी दाद देत नाही, तिचा रंग तेलात उतरतो. त्यामुळे तेल आणखी पिवळं झालं आणि पाणी गढूळ राहिलं. मग बीट किसून पिळलं. ते पाण्याचंच. मिलीलिटरमागे तेल साधारण ०.९२ ग्रॅम, पाणी एक ग्रॅम; लाल पाणी खाली गेलं, तेल वर बसलं. ईनोची पूड टाकली, ती तेलातून शांतपणे खाली उतरली आणि पाण्याला भेटताच खवळली. खाण्याचा सोडा आणि लिंबाचं आम्ल, दुसरं काय होणार! लाल थेंब बुडबुड्यांना लटकून वर यायचे, वर बुडबुडा फुटला की निमूट खाली. "म्याल होतु नोडरी!" मैत्रीण ओरडली, म्हणजे वर गेलं बघा. पुतण्या बूच लावायला धावला, त्याचा हात मात्र धरावा लागला. वायूला बाहेर पडायला वाट हवी.

आमच्या सीमाभागात दोन भाषांचा विषय निघाला की कुणीतरी तेल-पाण्याची उपमा काढतोच. मला ती सोसत नाही. एक तर वर कोण आणि खाली कोण यावरून नवं भांडण. दुसरं म्हणजे तो ओरडा कन्नडमध्ये होता हे पुतण्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

खऱ्या लाव्हा लॅम्पमध्ये ईनो-बिनो नसतं. आत मेण असतं, खाली दिवा. तापलं की हलकं होऊन वर, निवलं की खाली. एडवर्ड क्रेव्हन वॉकर नावाच्या इंग्रजाने एका पबमध्ये अंडं उकडायची वेळ दाखवणारं घरगुती यंत्र पाहिलं आणि त्यावरून १९६३ मध्ये हा दिवा बाजारात आणला. सॅन फ्रान्सिस्कोत क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सुरक्षेच्या कंपनीच्या कचेरीत अशा दिव्यांची भिंतच आहे. मेणाचे आकार कधी सारखे येत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याने ते टिपून त्यातून, इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त चाव्यांसाठी, कुणाला अंदाज बांधता येणार नाही असे आकडे काढतात. हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने विचारलं, "आणि नंतर त्या मेणाचं काय करतात?"

कारण आमचा खरा प्रश्न तोच होता. घरातला ईनो संपला, पोरं कॅरमकडे वळली, आणि ओट्यावर पाऊण बाटली तेल. आई म्हणाली, समईत घालू. वहिनी म्हणाली, त्यात पाण्याचे थेंब राहिले असतील, तडतडेल. उष्टं म्हणावं तर कुणी तोंड लावलेलं नाही. ओतून टाका, असं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. मी रात्री ते पळीने वरच्या वर, सावकाश, काढून घेतलं.

पुढे ते कशात वापरलं हे इथे लिहीत नाही. रविवारी आमच्याकडे जेवायला येणारी मंडळी माझं लिखाण वाचतात.