उतरून जायचा धबधबा

सह्याद्रीत धबधबा बघायला मान वर करावी लागते. आम्हा इंदूरकरांना ती खाली घालावी लागते. महूच्या दक्षिणेला माळव्याचं पठार चालता चालता संपतं. सोयाबीनची सपाट शेतं, एक बांध, चार पळस आणि पुढे एकदम खोल खोह. विंध्याची ही कड काळ्या बेसॉल्टची, लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेली. ओढे तिच्यावरून जागोजागी उड्या घेतात. पातालपाणीची उडी सुमारे ३०० फुटांची, त्यामुळे रविवारी भुट्टेवाले, मॅगीवाले आणि सेल्फीवाले सगळे तिथे. बाकीचे ओढे शांत राहिले, हे पातालपाणीचे उपकारच.

आम्ही गेलो त्या ओढ्याचं नाव कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बरोबर पुण्याचा आत्येभाऊ होता. गाडीतून उतरून त्याने चहूकडे पाहिलं.

"अरे, डोंगर कुठे आहे?"

"त्याच्यावरच उभा आहेस."

पायवाट सागाच्या रानातून अर्धा तास उतरत जाते. श्रावणात साग फुलतो, पण फुलं पार शेंड्याला, बारीक, पांढरट, सांडल्यावरच कळतात. पाऊस थांबला तरी त्या रुंद पानांवर टपटप चालूच असते, आणि चार थेंबांचा आवाज सरीएवढा होतो. धबधबा म्हणाल तर जेमतेम दोन पुरुष उंच. पाणी कोसळत नाही, कातळाच्या पायऱ्यांवरून घसरत येतं. समोर बसायला एक दगड. डब्यात पोहे, वर सेव. तुषार उडायला लागले तसा आत्येभाऊ सेव मऊ पडू नये म्हणून धबधब्याकडे पाठ करून बसला. पुण्याचा असला तरी रक्त आमचंच!

पाण्यात मात्र उतरलो नाही. खाली ऊन असताना वर पठारावर सर कोसळली की लोंढा अवचित येतो. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला माणसं अशाच लोंढ्यात वाहून गेली.

परतीला चढ. आमच्याकडच्या सहलीची हीच खोड, मौज आधी आणि दम नंतर. वाटेत त्याला सांगितलं की हे पाणी चोरल नदीला मिळतं, चोरल बडवाहजवळ नर्मदेला, आणि नर्मदेचं पाणी १९७८ पासून जलूदहून पंपांनी उचलून सुमारे ७० किलोमीटरवरच्या इंदूरला आणतात. म्हणजे इथून खाली गेलेलं पाणीसुद्धा घाट चढून परत आमच्या नळाला येतं. तेही एक दिवसाआड.

तो एका सागाला धरून उभा राहिला. "त्याला निदान पंप तरी आहे," म्हणाला.