आजोबांच्या नावावरचे घर

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या छपरासाठी कर्ज मागायला मी बँकेत गेले, तेव्हा ते घर ना आईच्या नावावर आहे ना माझ्या, ते अजूनही १९७८ मध्ये वारलेल्या आजोबांच्याच नावावर आहे, ही गोष्ट पहिल्यांदा माझ्यासमोर कागदावर आली. वडील दरवर्षी एप्रिलमध्येच घरपट्टी भरत, कारण त्या महिन्यात पाच टक्के सवलत मिळते. त्या सगळ्या पावत्या त्यांनी ट्रंकेत सालवार लावून ठेवल्या होत्या आणि त्या म्हणजेच मालकीचा पुरावा, अशी आमची समजूत होती. वकिलांनी पहिल्याच भेटीत ती समजूत दूर केली. पावती कर भरल्याची असते; महापालिकेतला खातासुद्धा कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद असते; मालकी ठरते ती खरेदीपत्राने आणि वारसाने. वडील २०२१ मध्ये गेले, पण वारसा लावायचे काम त्यांच्याही आधीच्या पिढीपासून राहून गेले होते.

छपराचा प्रश्न २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसापासून होता. त्या पावसात आढ्याजवळचे तीन वासे कुजले आणि मागच्या भिंतीला फुगवटा आला. पुण्यातला भाऊ म्हणत होता, की कौले कायमची काढून स्लॅब टाकावा. अभियंत्याने भिंती तपासल्या. त्या दगडमातीच्या आहेत, स्लॅबचा भार त्यांच्यावर देता येणार नाही, त्यासाठी पाया खणून खांब उभे करावे लागतील, म्हणजे घर पाडून नवेच बांधावे लागेल, असे त्याने स्पष्ट सांगितले. शिवाय नव्या बांधकामाच्या परवान्यालाही हाच नावाचा प्रश्न आडवा येणार होता. म्हणून वासे, रिपा आणि पन्हळी बदलायच्या, मागची भिंत पुन्हा बांधायची आणि कौले मंगळुरीच ठेवायची, असे आम्ही ठरवले. खर्चाचा हिशेब पाहता तोच निर्णय योग्य होता, आणि मला तो मनापासूनही पटला होता.

वारसांची यादी करताना माझे स्वतःचे अज्ञान उघडे पडले. माझ्या दोन्ही आत्यांची लग्ने फार पूर्वी झाली आणि मुलींना हक्क देणारा कायदा २००५ चा, तेव्हा त्यांचा या घराशी कायद्याने संबंध नाही, असे मी धरून चालले होते. आमच्या गल्लीतही बहुतेक लोक असेच सांगतात. परंतु २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतील हक्काविषयी आहे. आमचे घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले होते आणि त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते, त्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच पत्नी, मुलगा आणि मुली यांना त्यात सारखा हिस्सा मिळाला. पुढे आजी वारल्यावर तिचा हिस्साही तिन्ही मुलांत सारखा गेला. म्हणजे वडिलांचा एक तृतीयांश, आणि त्यातून आई, भाऊ व मी यांना प्रत्येकी एक नवमांश. ज्या घरात मी जन्मापासून राहते, त्याचा नववा हिस्साच माझा आहे, हे समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला.

कागद जमवण्यात सात महिने गेले. आजोबांचे खरेदीपत्र १९४४ चे, मोडीतले. त्या वेळी शहापूर सांगली संस्थानात होते. मोडी वाचणारे जाणकार गाठून त्याचे लिप्यंतर करून घेतले आणि त्यातल्या चतुःसीमा सिटी सर्व्हेच्या नकाशाशी जुळवल्या. बोजा नसल्याचा दाखला, म्हणजे ज्याला इथे सगळे ‘ईसी’ म्हणतात तो, १ एप्रिल २००४ पासूनचा कावेरी या ऑनलाइन प्रणालीवर मिळतो. त्याआधीच्या वर्षांसाठी सब-रजिस्ट्रार कचेरीत वेगळा अर्ज करावा लागला. वंशवृक्षाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, दिला. तिथून आमची फाईल दोनदा परत आली, कारण आजोबांच्या नावातला ‘त्रय’ कन्नड नोंदीत ‘त्रेय’ झाला होता आणि आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’. ही एकच व्यक्ती आहे, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. सीमाभागातल्या मराठी घरांत ही अडचण जागोजागी आढळते, म्हणून माझे आग्रहाने सांगणे आहे, की कन्नडमध्ये टंकलेली प्रत्येक प्रत सही करण्यापूर्वी अक्षर न् अक्षर वाचून घ्यावी. स्वतःला वाचता येत नसेल तर वाचणारे माणूस सोबत न्यावे.

थोरल्या आत्या आणि त्यांचे यजमान हयात नाहीत. त्यांची दोन्ही मुले निपाणीला असतात. ती स्वतः येऊन हक्कसोड पत्रावर सही करून गेली आणि त्यांनी काही घेतले नाही. धाकट्या आत्या गडहिंग्लजला असतात. त्यांच्याकडे जाताना घरातून मला सुचवले गेले होते, की फक्त ‘सहीचे काम आहे’ एवढेच सांगावे. मला ते बरोबर वाटले नाही. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला, तीन हिस्से सांगितले आणि तुमची इच्छा काय आहे, असे विचारले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुझ्या बाबानं तेव्हा विचारलं असतं तर मी नुसती सही दिली असती. आता तू सगळं सांगून विचारतेस, तर माझा वाटा मला दे.” आईला हे लागले, पण माझ्या मते आत्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांच्या गुडघ्यांवरच्या उपचारांचा खर्च समोर होता आणि हिस्सा त्यांचा होताच. भावाने निम्मी आणि मी निम्मी अशी रक्कम उभी केली, ती बँकेतूनच दिली आणि दस्तात लिहिली.

आत्यांना बेळगावपर्यंत प्रवास जमणार नव्हता आणि दस्ताची नोंदणी तर मिळकत जिथे आहे तिथेच करावी लागते. त्यावर कायद्यात सोय आहे. गडहिंग्लजच्या दुय्यम निबंधकांनी घरी येऊन त्यांचे मुखत्यारपत्र साक्षांकित केले, इथे त्याचे कर्नाटकातील मुद्रांक शुल्क भरले आणि त्यांच्या मुलाने मुखत्यार म्हणून सही केली. दस्त कन्नडमध्ये होता. त्याचा मराठी मजकूर मी आत्यांना आधीच पूर्ण वाचून दाखवला होता.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेचा खाता या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि एकीत बदल झाला म्हणून दुसरीत आपोआप होत नाही. मी दोन्हीकडे एकाच आठवड्यात अर्ज दिले. खाता आई, भाऊ आणि मी अशा तिघांच्या नावे केला. भाऊ पुण्यात आहे म्हणून त्याने हक्क सोडावा, असे मी त्याला म्हटले नाही, आणि छपराच्या कर्जाच्या कागदांवरही तिघांनी सह्या केल्या.

काम मार्चमध्ये सुरू झाले आणि वळवाच्या आधी कौले चढली. जुन्यांपैकी निम्म्याहून अधिक चांगली निघाली. ती धुऊन मागच्या पाख्यावर वापरली.

त्याच महिन्यात आईने तिच्या हिश्श्याचे मृत्युपत्र केले. त्याला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. त्या शेजारच्या दोघांनी केल्या. पूर्वीप्रमाणे ट्रंकेत न ठेवता एक प्रत वकिलांकडे दिली आणि एक भावाला पुण्याला पाठवली.