काजूवरची फवारणी

पुण्याच्या त्या मंडळींनी डासांचा बंदोबस्त चोख केला होता. दादाच्या ओसरीवरच्या टेबलावर सगळा दारूगोळा मांडलेला: तीन तऱ्हेची मलमं, कॉइल, बॅटरीची रॅकेट, मुलांच्या मनगटांत वासाचे रबरी पट्टे. मुलांच्या वडिलांच्या मोबाइलवर बारीक आवाज काढून डास पळवणारं ॲपसुद्धा. ते माझ्यासमोर चालू करून दाखवलं. ॲप वाजत होतं आणि त्यांच्या पोटरीवर डास बसलेला होता. मी काही बोललो नाही. पाहुण्यासमोर किती बोलायचं, हे आमच्या कामात लवकर कळतं. निदान मला कळतं असं त्या शनिवारपर्यंत वाटत होतं.

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आरोग्य सेवक आहे. डॉक्टर नाही, पण वाड्यांवर सगळे ‘डॉक्टर’च म्हणतात आणि आता मीही ते दुरुस्त करायचं सोडलंय. निम्मं काम रजिस्टरं भरण्याचं. उरलेलं पायी. डिसेंबर ते मे या दिवसांत आम्ही घरोघर दोन प्रश्न विचारत फिरतो: कुणाला ताप आहे का, आणि कुठे मेलेलं माकड दिसलं का. बाहेरच्या माणसाला दुसरा प्रश्न विचित्र वाटतो. आमच्याकडे 2016 पासून तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. माकडताप, ज्याने माकडंही मरतात, 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. तिथून घाटाघाटाने सरकत शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि मग आमच्याकडे आला. नेमका काजूच्या हंगामात येतो. माणसं बोंडू गोळा करायला भल्या पहाटे पातेऱ्यातून, म्हणजे वाळल्या पानांच्या थरातून, फिरतात, आणि त्याच पातेऱ्यात मोहरीएवढी गोचीड बसलेली असते.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. कर्ज काढून त्याने काजूच्या बागेत दोन खोल्या बांधल्या, वर पत्रा, समोर ओसरी. एप्रिलच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे लोक येतात. त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, ‘पावण्यांच्या चेडवाचे पाय सुजले, येऊन बघ जरा.’

नऊ वर्षांची मुलगी. दोन्ही पायांवर लाल गांधी. बघितल्यावर कळलं, निम्मं डासांचं आणि निम्मं हुमल्यांचं. हुमले म्हणजे काजू-आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या. त्या झाडावर चढल्याची शिक्षा लगेच मिळते, आणि त्या मुलीला ती मिळाली होती. डास चावल्याची गांध वेगवेगळी, विखुरलेली उठते. हुमल्यांच्या चाव्यांचा पुंजका असतो, एकाला एक लागून. चिलटांचा डंख त्याहून बारीक आणि रात्रभर खाजणारा. गार पाण्याची पट्टी ठेवा, खाजवू नका, नखं कापा, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, एवढं सांगितलं. आई म्हणाली, ‘आम्ही सगळं लावतो हो, तरी चावतात.’ मलम लावून उघड्या पायांनी पातेऱ्यात बसायचं, वर वैतागायचं. शहरातल्या लोकांना जंगल हवं असतं, पण ते धुऊन-पुसून.

गोचीड मात्र चावलेली कळतच नाही. डासाला माणूस चापट मारतो, मुंगी झटकतो. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि कुणी घासून गेलं की त्याला धरते. मग तासन्‌तास अंगावर फिरून कानामागे, काखेत, बेंबीत, इलॅस्टिकच्या खाली, अशी मऊ जागा शोधते. दुखत नाही, खाजतही नाही. ती कीटकसुद्धा नाही, आठ पायांची, कोळ्याच्या गोतातली.

निघताना सवयीने धाकट्याला जवळ बोलावलं. पाच वर्षांचा मुलगा. उजव्या कानाच्या वरच्या घडीत काळा ठिपका. आई म्हणाली, ‘तो तीळ आहे. नवीनच आलाय.’

तिळाला पाय होते.

हे काम मला येतं, आणि चांगलं येतं. बारीक टोकाचा चिमटा मी खिशात ठेवतो, स्वतःच्या पैशाने घेतलेला. सरकारी चिमट्याची टोकं जुळत नाहीत. गोचडीचं पोट धरायचं नाही, पोट दाबलं की तिच्या आतलं माणसाच्या अंगात जातं. चामडीला चिमटा टेकवून तोंडाशी धरायची आणि सरळ वर, सावकाश ओढायची. पिळायचं नाही. हिसका द्यायचा नाही. कातडी तंबूसारखी वर येते, क्षणभर वाटतं सुटणार नाही, आणि मग हलकेच सुटते. रॉकेल, चुना, पेटती विडी, असले उपाय मी वाड्यांवर बंद करत आणलेत. पोळलेली गोचीड सुटायच्या आधी लाळ ओकते. मुलगा एकदाही रडला नाही. मी जागा साबणाने धुतली आणि गोचीड ओल्या कापसासोबत बाटलीत टाकली. मग सगळ्यांना तपासलं. वडिलांच्या पँटच्या पट्ट्याखाली दोन निघाल्या. ते आदल्या रात्री काजूखाली चादर टाकून तारे बघत पडले होते.

मी मुलाला सहज विचारलं, कुठे खेळत होतास रे?

‘माकड झोपलंय ना, तिकडे.’

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी दादाकडे. मुलाची आई हसली, ‘काल पण हेच सांगत होता, माकड झोपलंय म्हणून.’

बागेच्या वरच्या अंगाला, कुंपणापासून चाळीस पावलांवर, करवंदीच्या जाळीत ते होतं. माकडीण. दोन दिवस झाले असावेत. मी जवळ गेलो नाही, जायचं नसतं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचडी तिथेच गळून पडतात आणि ती जागा पुढे धोक्याची होते. खालच्या ओढ्यापर्यंत आलो तेव्हा दादाने माझा हात धरला.

‘ह्या बघ, एक उपकार कर माझ्यार. तेंच्यासमोर त्या तापाचा नाव काढू नको. चार पावणे येतत, ते पळतले. मगे ह्या खोल्यांचो हप्तो कोण भरतलो?’

हे बोलणाऱ्याच्याच वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, 2017 मध्ये माकडताप झाला होता. पहिला आठवडा ताप, मग बरं वाटलं, मग पुन्हा ताप आणि हातांना कंप. वाचले, पण पुढे तीन महिने त्यांना भाताचा घास धरता येत नव्हता. दादाच भरवायचा.

मी एमओ मॅडमना, म्हणजे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, फोन केला. तो भाग मी चुकवला नाही. पुढची यंत्रणा ठरलेली: पशुवैद्यकीय अधिकारी येतात, किट घालून शवविच्छेदन करतात, नमुने बर्फात जातात, मेलेल्या माकडाभोवती गोचडी मारायला मॅलेथिऑनची भुकटी मारतात. कागदावर ठरलेली. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दोन तालुक्यांचा कारभार, ते पोचले साडेचारला. एप्रिलातल्या उन्हात तोवर त्या जनावराचं काय झालं असेल ते सांगायला नको. अहवाल पुढे आला: नमुना तपासणीयोग्य नाही. एकटा माणूस दोन ठिकाणी कसा पोचेल, हे मात्र कुठल्या अहवालात येत नाही.

भुकटी मारणारी पोरं तोंडाला फडकी बांधून बागेत शिरली, तेव्हा पाहुणे ओसरीवर चहा पीत होते. वडिलांनी विचारलं, ‘हे काय चाललंय?’

दादा म्हणाला, ‘काजूवरची फवारणी, साहेब. ढेकण्या पडलाय.’

काजूवर ढेकण्या नावाचा किडा पडतो, खरं आहे. पण तो पालवी-मोहराच्या वेळी. एप्रिलात, बोंडू खाली पडत असताना, जमिनीवर भुकटी मारून कुणी ढेकण्या मारत नाही. पुण्याच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. मी तिथेच उभा होतो, हातात कप घेऊन. मी चहा प्यायलो.

बाकी सगळं मी सांगितलं, अगदी सविस्तर. वरच्या अंगाला जाऊ नका. मोजे पँटच्या वर ओढा. फिरून आलात की गरम पाण्याने आंघोळ, कपडे उन्हात, एकमेकांचे कान-माना बघा. आमच्याकडचं गोचडी दूर ठेवणारं डेपा तेल दिलं, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतलं. गावातले लोक ते बरेचदा गुरांना लावतात आणि मला त्यांचा रागही येत नाही, गोचडी गुरांवर दिसतात, स्वतःवर दिसत नाहीत. वडिलांना माझा नंबर दिला आणि म्हटलं, ‘पंधरा दिवसांत ताप आला तर मला फोन करा.’

कुठला ताप, ते मी म्हटलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढच्या शुक्रवारी रात्री नऊला मुलांच्या आईचा फोन. वडिलांना दोन दिवस ताप, एकशे तीन, डोकं फुटतंय, कंबर धरलीय. डेंग्यूची तपासणी झाली, ती निगेटिव्ह. प्लेटलेट उतरताहेत. ‘डॉक्टरांनी विचारलं कुठे गेला होता, आम्ही सांगितलं कोकणात.’

पुण्यात कोकण म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र येतो. मासे, शहाळी, वाळू. गोचीड कुणाच्या डोळ्यांसमोर येते?

मग मी तो शब्द उच्चारला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलणं करून द्या. तिथल्या डॉक्टरांबद्दल एक सांगायलाच हवं. एका आरोग्य सेवकाचं कोण ऐकून घेतं? त्यांनी दहा मिनिटं ऐकलं. किती गोचडी, कधी, किती दिवस झाले, माकड कुठे होतं, सगळं विचारलं, लिहून घेतलं. या तापावर खास औषध नाही, पाणी-सलाइन सांभाळायचं, रक्तस्रावावर लक्ष ठेवायचं आणि अंगदुखीला भलती गोळी द्यायची नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांना फक्त कुणीतरी नाव सांगायला हवं होतं. नमुना पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेला. आमच्याकडचं रक्त तिकडे पाठवायचं म्हणजे बर्फाच्या पेटीचा रात्रभराचा प्रवास, या माणसाचं रक्त त्याच्याच शहरात होतं आणि तिथल्या कुणाला पाठवायचं सुचण्याचं कारणच नव्हतं.

अहवाल निगेटिव्ह आला. ताप पाचव्या दिवशी उतरला. कसला होता ते ठरलं नाही. मॅडम म्हणाल्या, ‘सुटलास.’

मुलाच्या आईचा एक मेसेज अजून माझ्या फोनवर आहे. ‘ती फवारणी काजूवरची नव्हती ना?’ त्याला निळ्या खुणा पडल्यात, म्हणजे मी वाचलाय हे त्यांना दिसतंय. उत्तर तीनदा लिहून खोडलं.

मे महिन्यात मी एक कागद लिहिला, मोठ्या अक्षरांत. गोचीड कशी काढायची, कुठे जायचं नाही, आणि पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सांगा की माकडतापाच्या भागात जाऊन आलो. दादाने तो दोनदा वाचला. काही बोलला नाही. माझ्यासमोर खोलीत नेऊन भिंतीला चिकटवला.

परवा सर्वेक्षणाला गेलो तेव्हा खोलीत डोकावलो. कागद जागेवर होता. त्याच्या बरोबर वर दादाने एक खिळा ठोकला होता आणि खिळ्याला पाहुण्यांचा टॉवेल लटकत होता. मी टॉवेल काढून खुर्चीवर टाकला. ओला होता, आणि खालच्या अक्षरांची शाई पसरायला लागली होती.