ब्लूटूथ बंद आहे, हे लेखी द्या

हिमाद्रीला जायचं ठरलं की जो तो थंडीची आणि पांढऱ्या अस्वलांची भीती घालतो. मला छळलं ते आमच्या उपकरणातल्या नखाएवढ्या ब्लूटूथ चिपनं.

हिमाद्री हे २००८ पासूनचं भारताचं आर्क्टिक केंद्र, नॉर्वेच्या स्वालबार्ड या द्वीपसमूहातल्या नी-ऑलेसुंड गावात. गोव्यात वास्कोला जे राष्ट्रीय ध्रुवीय केंद्र आहे, त्यांच्यामार्फत जावं लागतं. प्रस्ताव, वैद्यकीय तपासणी, तिकिटं, सगळं बिनबोभाट झालं. मग यादी आली: बरोबर आणायच्या प्रत्येक वस्तूतून कुठल्या फ्रीक्वेन्सीवर काय बाहेर पडतं ते लिहा.

या गावाभोवती वीस किलोमीटरपर्यंत २ ते ३२ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात रेडिओ शांतता पाळतात. म्हणजे वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. कारण नी-ऑलेसुंडच्या मोठ्या अँटेनांचं काम ऐकण्याचं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारचे, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांचे, अतिक्षीण संकेत त्या टिपतात. तेच संकेत जगभरच्या इतर अँटेनांवर किती आधी वा नंतर पोचले, यावरून पृथ्वी नेमकी कशी फिरतेय ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय जीपीएसचे उपग्रह अचूक जागा सांगू शकत नाहीत. इतक्या नाजूक कानाशी आपलं इअरफोन बडबडलं तर काय होईल! नियम मला शंभर टक्के पटला होता.

संताप आला तो विक्रेत्याचा. धूलिकण मोजणाऱ्या आमच्या उपकरणात ब्लूटूथ होतं. ‘बंद केल्यावर त्यातून काहीही प्रक्षेपित होत नाही’ एवढं एक वाक्य लेटरहेडवर हवं होतं. उत्तर आलं, “ॲपमधून बंद करता येतं, सर.” करता येतं हो, पण वीज गेली-आली की ते आपोआप चालू होतं का? यावर माहितीपत्रक पाठवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच माहितीपत्रक. फोन केला की “टेक्निकल टीमला फॉरवर्ड केलंय.” इकडे सामान पाठवायची तारीख तोंडावर आलेली. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती.

शेवटी आमच्या कार्यशाळेतले काका म्हणाले, “वॉरंटी गेली तर चालेल ना? मग काढूनच टाकू.” त्यांनी चिप अलगद सोडवली. इलेक्ट्रॉनिक्स विभागात स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीवर किती संकेत आहेत ते दाखवणारं यंत्र असतं, त्यासमोर उपकरण चालू-बंद करून पाहिलं. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झवर रेष सपाट! फोटो आणि आलेख जोडून पाठवले आणि होकार आला. काकांचा मला आजही अभिमान वाटतो. तेव्हा उपकरण विकत घेतानाच केबलवर चालणारं मागा, आणि विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी लिहून घ्या.

स्मार्टवॉच, वायरलेस माउस, कॅमेऱ्यातलं वायफाय हेही तपासा. लोक लॅपटॉप आठवणीनं बंद करतात आणि घड्याळ विसरतात. गावाबाहेर पडताना मिळणारे व्हीएचएफ वॉकीटॉकी त्या पट्ट्याच्या खालचे, ते चालतात. बाहेर जायला बंदूकही लागते, तिचं प्रशिक्षण तिथेच देतात.

आणि हो, व्हिसा! स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. ओस्लोहून पुढे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता, परतताना पुन्हा आत येता. म्हणून दोनदा प्रवेशाचाच व्हिसा मागा आणि हातात पडल्यावर त्यावरचा आकडा तिथल्या तिथे वाचा.