बडोद्यातील देशी परसबागा

गेल्या रविवारी दांडिया बाजारातील आमच्या काकूंच्या परसापासून सुरुवात करून आम्ही देशी झाडांच्या तीन घरगुती बागा पाहिल्या. काकूंनी रुईचे पान हळूच उलटले, तेव्हा पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी पान कुरतडत होती. रुईच्या चिकातील विष अंगात साठत गेल्याने तिचे पुढे जे केशरी फुलपाखरू होते, ते पक्ष्यांना कडू लागते. दुसऱ्या घरी कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी होती. तिसऱ्या बागेत बहावा आणि पारिजातक होता. बोगनवेल मलाही आवडते, परंतु ती मूळची दक्षिण अमेरिकेची. कुंपणालगत प्रथम रुईला जागा द्यावी, असे मला मनापासून वाटते. काकूंनी जाताना कढीपत्त्याची दोन रोपे दिली आणि फवारणी करू नकोस, असे बजावले.